पाच रुपयांचं तिकीट: एका स्वस्ताईचा हिशेब

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये एका महिला बचत गटाचं दप्तर तपासायला मी महिन्यातून एकदा जातो. गटाच्या अध्यक्ष असलेल्या ताई गटाच्या हिशेबाबरोबर स्वतःच्या घरचीही वही ठेवतात. शंभरपानी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे. पट्टीनं आखलेले रकाने आहेत: रेशन, गॅस, लाईट, शाळा, दवाखाना, भिशी आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून आखल्यासारखा, ‘बस’. जून २०२५ च्या पानावर त्या शेवटच्या रकान्यात त्यांनी सवयीनं ५२० लिहिलं, मग आडवी रेघ मारून बाजूला ९१० लिहिलं.

या खाडाखोडीचा हिशेब सरळ आहे. ताई सकाळी मानखुर्दहून चेंबूरला जातात, तिथे दोन घरची पोळीभाजी करतात. दुपारी चेंबूरहून घाटकोपर, तिथे एक घर. संध्याकाळी घाटकोपरहून मानखुर्द. पहिले दोन टप्पे पाच किलोमीटरच्या आतले, शेवटचा पाचच्या पुढचा आणि दहाच्या आतला. बेस्टच्या साध्या बसचं जुनं भाडं ५ अधिक ५ अधिक १०, म्हणजे दिवसाला २० रुपये. ९ मे २०२५ पासूनचं भाडं १० अधिक १० अधिक १५, म्हणजे ३५. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस. वातानुकूलित गाडी मिळाली तर हेच आकडे २५ वरून ४४ वर जातात.

वाढ महिन्याला ३९० रुपयांची. मुंबईच्या मानानं ही रक्कम काहीच नाही असं म्हणणाऱ्यानं एक जोड लावून पाहावी. राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये या ताईंच्या खात्यात येतात. त्यातला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त पैसा या एका भाडेवाढीत गेला. एका खात्यानं दिलं आणि दुसऱ्या खात्यानं घेतलं. या दोन खात्यांनी एकमेकांना कधी विचारलं होतं का, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

दोन पायांचा उपक्रम

बेस्ट म्हणजे बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम. नावातच दोन धंदे आहेत, आणि वीज आधी आहे. महापालिकेनं खासगी कंपनीकडून तो ७ ऑगस्ट १९४७ रोजी ताब्यात घेतला. तेव्हा ट्रामही होत्या. शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर धावली.

कित्येक वर्षं वीज कमवायची आणि बस खर्चायची. वीजपुरवठा फक्त शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र दहिसर आणि मुलुंडपर्यंत, आणि त्याही पलीकडे. पुढे वीजक्षेत्रात नियामक आयोग आले, प्रत्येक युनिटच्या दराचा हिशेब विचारला जाऊ लागला, तेव्हा बसची तूट वीजबिलात वेगळ्या आकाराच्या रूपानं दिसू लागली. बेस्टचे ग्राहक तिला टीडीएलआर म्हणून ओळखत. परिवहन तुटीची वसुली असा त्याचा अर्थ.

या वसुलीत एक गंमत होती, जिच्याकडे त्या वेळी फारसं कुणी बघितलं नाही. धारावीतली वीज बेस्टची. जुहूच्या बंगल्यातली वीज खासगी कंपनीची. म्हणजे धारावीतल्या शिलाई मशीनवाल्यानं बसची तूट भरायची आणि जुहूच्या बंगलेवाल्यानं नाही, आणि बस मात्र दोघांच्या दारावरून जायची. गरिबांना स्वस्त प्रवास हा हेतू शंभर टक्के चांगला. त्याचा पैसा कुणाच्या खिशातून, हे ठरवताना विजेची तार कुठवर जाते एवढंच बघितलं गेलं. ही वसुली पुढे बंद झाली आणि ते रास्तच होतं. तिच्या जागी काय येणार, हे मात्र कुणी ठरवलं नाही. बस एका पायावर उभी राहिली.

जुलै २०१९

२०१९ च्या जानेवारीत बेस्ट कामगारांचा संप झाला. नऊ दिवस मुंबईत लाल गाडी दिसली नाही. तेव्हा प्रवासीसंख्या आधीच उतरणीला लागलेली होती. एकेकाळी रोज ४० लाखांहून अधिक लोक बेस्टनं जायचे, ती संख्या निम्म्यावर आली होती. किमान भाडं ८ रुपये आणि तेही दोन किलोमीटरसाठी. तेवढ्यासाठी शेअर रिक्षा लवकर यायची.

त्या उन्हाळ्यात प्रवीण परदेशी महापालिकेचे आयुक्त झाले आणि थोड्याच दिवसांत एक तिहेरी तोडगा निघाला. महापालिकेनं बेस्टला दरमहा १०० कोटींची मदत द्यायची. बेस्टनं भाडं कमी करायचं. आणि नव्या गाड्या स्वतः विकत न घेता भाडेतत्त्वावर, म्हणजे वेट लीजवर आणायच्या. स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम ठेवायचं कामगार संघटनेशी झालेल्या करारात कबूल झालं.

९ जुलै २०१९ पासून पाच किलोमीटरपर्यंत ५ रुपये. वातानुकूलित बसचं किमान भाडं २० वरून थेट ६.

मला आजही हा निर्णय धाडसाचा वाटतो. सार्वजनिक वाहतूक तोट्यात आली की भाडं वाढवायचं, भाडं वाढलं की प्रवासी कमी, प्रवासी कमी झाले की फेऱ्या कमी, हे रहाटगाडगं कुणीतरी उलटं फिरवून बघितलं. प्रवासी परत आले. काही महिन्यांत रोजची संख्या ३० लाखांच्या घरात गेली. सहा रुपयांत वातानुकूलित गाडी ही तर या शहरातली अपूर्व गोष्ट. घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, नाका कामगार थंडगार गाडीत बसू लागले. भाजीची पाटी मांडीवर घेऊन बसलेली बाई आणि लॅपटॉपवाला मुलगा शेजारी. सामाजिक समता वगैरे शब्द मी एरवी जपून वापरतो, पण ते दृश्य तसं होतं.

सुट्ट्या नाण्यांचा महापूर आला, हे जाता जाता. पाच आणि सहा रुपयांच्या तिकिटांची नाणी आगारांमध्ये एवढी साठली की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत देण्याची पाळी आली. पगाराच्या दिवशी पिशवी घेऊन जाणारा वाहक, हे पाच रुपयांच्या तिकिटाचं एक कुणी न काढलेलं चित्र.

आता जे राहिलं ते. भाडं आठवरून पाचवर आणलं, टप्पाही मोठा केला, तर प्रवासी दुप्पट झाले तरी तिकिटाचं उत्पन्न जेमतेम जागेवर राहणार, हे शाळकरी पोरगंही सांगेल. वाढलेल्या प्रवाशांना जास्त गाड्या लागणार, म्हणजे खर्च वाढणार. तेव्हा हा निर्णय भाडेकपातीचा नव्हताच, कायमस्वरूपी अनुदानाचा होता. पण अनुदानाला कायमस्वरूपी घर दिलं नाही. दरवर्षी महापालिकेच्या अर्थसंकल्पात त्याला नव्यानं रांगेत उभं राहायला लागलं. कोणता कर, कोणता उपकर, राज्याचा वाटा किती, महागाई वाढली तर रक्कम किती वाढणार, यातलं काही लिहिलं गेलं नाही. भाडं दरवर्षी रुपया-आठ आण्यांनी वाढेल असंही ठरलं नाही. सहा वर्षं ५ रुपये, आणि मग एका रात्रीत १०.

स्वस्त तिकीट, कमी गाड्या

कोविडनं चित्र विस्कटलं. लोकल सामान्यांना बंद होती तेव्हा हे शहर बेस्टनं चालवलं. नर्स, सफाई कामगार, बँकवाले सगळे बसमध्ये. पण खरी पडझड त्यानंतरची आणि ती हळूहळू झाली.

वेट लीजची पद्धत अशी: गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल त्याची, बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. कागदावर बेस्टचा भांडवली खर्च वाचतो. पण किलोमीटरमागचा दर निविदेत ठरतो, आणि इंधन, पगार, सुटे भाग महागले की तो ठेकेदाराला पुरेनासा होतो. तो मग कुठे वाचवणार? चालकाच्या पगारात आणि गाडीच्या देखभालीत. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात या चालकांनी संप केला. मागणी साधी होती: कायम चालकाइतकंच काम, तर पगार एवढा कमी का? काही ठेकेदार परवडत नाही म्हणून अर्ध्यातून निघून गेले आणि त्यांच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला एक भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं गेली, आणि चालकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न त्या वेळी वर आला.

दुसरीकडे बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांचं वय भरत गेलं. त्या मोडीत निघाल्या, पण त्यांच्या जागी नव्या घेतल्या गेल्या नाहीत. ३,३३७ चा आकडा करारात राहिला. २०२४ अखेर स्वतःच्या गाड्या हजाराच्या आसपास उरल्या. शहर वाढत असताना एकूण ताफा आक्रसत गेला. एकेकाळी तो साडेचार हजारांच्या आसपास होता.

इथे गरिबीचा हिशेब करणाऱ्यांची नेहमीची चूक होते. तिकीट किती, एवढंच आपण मोजतो. थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागलं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. दर दहा मिनिटांनी येणारी गाडी वीस मिनिटांनी येऊ लागली, तर तिकीट तेच राहूनही प्रवास महागलेला असतो. घरकामवाल्या बाईला तर तो थेट पैशांत महागतो. उशीर झाला की मॅडमचा आवाज चढतो, आणि दोन-तीनदा झाला की खाडा धरला जातो. ताईंच्या वहीत २०२३ पासून ‘बस’च्या रकान्यात कंसात बारीक अक्षरात ‘रि.’ असं दिसतं. ती शेअर रिक्षा. ज्या दिवशी वेळ गाठायची असते त्या दिवसाचे वेगळे पैसे. पाच रुपयांचं तिकीट होतं, पण ते काढायला गाडी यायला हवी होती.

लल्लूभाई कंपाउंडचा इतिहासही इथे सांगायला हवा. या इमारती हौसेनं बांधलेल्या वसाहतीच्या नाहीत. मुंबईच्या लोकल गाड्यांसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून एमयूटीपी हा प्रकल्प झाला, त्यात रुळांलगतची झोपडी गेलेल्या कुटुंबांना इथे घरं मिळाली. आधी घर रुळाशेजारी आणि काम चालत जाण्याच्या अंतरावर. आता घर पक्कं, नळ, संडास, लिफ्ट (लिफ्ट चालू असेल तर), पण काम लांब. गृहनिर्माणाच्या खात्यात पुनर्वसन पूर्ण झाल्याची नोंद पडली. रोजच्या प्रवासाचा बोजा मात्र कुणाच्याच खात्यात न येता ताईंच्या वहीत आला. मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका, माहुल, सगळीकडे हेच. घर शहराच्या कडेला हलवलं की बस हा पुनर्वसनाचाच भाग होतो. तसं कुठल्या पुनर्वसनाच्या फाईलमध्ये लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

बाकीच्या खात्यांत त्याच वेळी काय चाललं होतं

महापालिकेकडे पैसे नव्हते म्हणून भाडं वाढलं, असं सोपं उत्तर मिळतं. ते अर्धं खरं आहे. महापालिकेचं उत्पन्न खरोखर आवळत गेलं, पण ते आभाळातून आवळलं नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. जकात हा महापालिकेचा स्वतःचा, रोजच्या रोज रोख येणारा कर होता. नाक्यांवरच्या रांगा आणि चिरीमिरी गेली हे बरंच झालं, पण पैसा आता राज्याकडून भरपाई म्हणून येतो. मग १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. सोळा लाखांच्या आसपास घरांना लाभ, आणि महापालिकेचं वर्षाला ४०० कोटींहून अधिक उत्पन्न गेलं. मध्यमवर्गाला दिलासा, असा त्याचा गाजावाजा झाला. दादरला किंवा पार्ल्यात ४५० चौरस फुटांच्या घराची किंमत कोटीच्या पुढे जाते, तिथल्या मालकालाही ही माफी आहे. गोवंडीत पोटमाळा भाड्यानं घेऊन राहणाऱ्याला या माफीतून काही मिळत नाही, कारण घर त्याचं नाही. तो जे भरतो ते बसचं तिकीट.

१४ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मोटारीला एका वेळेला ४५ रुपये लागायचे, ते शून्य. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेनं स्वतःच्या पैशातून, १३ हजार कोटींहून अधिक खर्चून बांधलेला किनारी रस्ता टप्प्याटप्प्यानं खुला व्हायला लागला होता. त्यावर टोल नाही. बेस्टची एक गाडी तिथून जाते, पण रस्ता कुणासाठी आहे हे त्यावरून जाणाऱ्या वाहनांकडे बघून कळतं.

तारखा ओळीनं लावल्या की बोलायला काही उरत नाही. ऑक्टोबर २०२४: मोटारीचा टोल ४५ वरून शून्य. जानेवारी २०२५: एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वर. फेब्रुवारी: रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६, टॅक्सीचं २८ वरून ३१. मे: बेस्ट ५ वरून १०, वातानुकूलित ६ वरून १२. त्याच मे महिन्यात भुयारी मेट्रो तीन वांद्रे-कुर्ला संकुलापासून वरळीपर्यंत वाढली. ३७ हजार कोटींच्या वर गेलेला प्रकल्प, बराचसा जपानी कर्जावर. मेट्रो हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मेट्रोच्या स्टेशनापर्यंत पोचवणारी बस ही दुसऱ्याच संस्थेची जबाबदारी, आणि तिच्या नफ्यातोट्याशी मेट्रो बांधणाऱ्यांचा संबंध नाही.

यातला एकही निर्णय गुपचूप किंवा बेकायदा झालेला नाही. प्रत्येकाला आपापलं कारण आहे. टोल माफ करणाऱ्या खात्यानं बसचा विचार करायचा नव्हता, मालमत्ता कर माफ करणाऱ्यानंही नाही, आणि बेस्टच्या व्यवस्थापनाला यातलं काहीच ठरवायचा अधिकार नव्हता. त्यांच्या हातात एकच खुंटी होती, तिकिटाची. ती त्यांनी पिळली.

आणि कुणाला विचारून? २०१९ ची कपात बेस्ट समिती आणि महापालिकेच्या सभागृहातून गेली होती. नगरसेवकांनी भाषणं केली, पेपरात आली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही. दरम्यान सगळा कारभार प्रशासकाकडे. त्यामुळे भाडं दुप्पट झालं तेव्हा आपल्या वॉर्डातल्या बायकांना उत्तर द्यावं लागेल असा एकही नगरसेवक शहरात नव्हता. लोकांच्या प्रतिनिधींनी हीच वाढ केली असती का? कदाचित केलीही असती. पण टप्प्याटप्प्यानं केली असती, एवढं मला वाटतं.

भाडेवाढीच्या बाजूनं

बेस्टची बाजू मांडल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही, आणि ती बाजू लंगडी नाही. महापालिकेनं गेल्या बारा-तेरा वर्षांत बेस्टला ११ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी ठेवले. निवृत्त कर्मचारी ग्रॅच्युइटीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालत होते. तीस-पस्तीस वर्षं मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गिअर बदलत गुडघे झिजलेल्या चालकाचे हक्काचे पैसे अडकवून प्रवाशाला स्वस्त तिकीट द्यायचं, हाही गरिबांवरचाच अन्याय आहे. त्याच्या घरीही वही असते. शिवाय दहा रुपयांत पाच किलोमीटर ही आजच्या मुंबईत महाग गोष्ट म्हणता येणार नाही. कटिंग चहा तेवढ्याला मिळतो.

मान्य. पण दोन गोष्टी उरतात. १,००० कोटी हे महापालिकेच्या त्याच वर्षीच्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पाच्या दीड टक्क्याहूनही कमी आहेत. आणि दुसरं, भाडेवाढ करताना मासिक पास ९०० वरून थेट १,८०० केला गेला. रोज न चुकता प्रवास करणाऱ्याला सवलत म्हणून पास असतो. त्यालाच दुप्पट करणं म्हणजे दुकानदारानं उधारी न ठेवणाऱ्या गिऱ्हाइकावर आधी डोळे वटारण्यासारखं आहे.

लोकलशी तुलना केली की आणखी एक धागा हाती लागतो. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट अजून ५ रुपये आहे. ते परवडतं कारण उपनगरी गाड्यांचा तोटा अख्खी भारतीय रेल्वे उचलते, मालगाडीतला कोळसाही त्यात आपला वाटा देतो. बंगळुरूत जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साधी बस फुकट आहे, दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून. तिथे पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. महाराष्ट्रातही मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि त्याची भरपाई राज्य देतं. मग मानखुर्दच्या बाईला का नाही? कारण तिची बस राज्याची नाही, महापालिकेची आहे. साताऱ्याला माहेरी जाताना ती अर्ध्या तिकिटाची लाभार्थी, चेंबूरला पोळ्या करायला जाताना पूर्ण तिकिटाची प्रवासी. एकच बाई, एकच आधार कार्ड.

लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ मध्ये राज्यानं ३६ हजार कोटी ठेवले. त्या रकमेवर मी इथे मत देत नाही. हातात रोख पैसा आल्यानं बाईचा घरातला आवाज वाढतो, हे बचत गटात बसून मी स्वतः पाहिलं आहे. प्रश्न असा की सरकार गरीब बाईला महिन्याला दीड हजार द्यायला तयार आहे, पण ती कमवायला जाते त्या गाडीचा प्रश्न आपला मानायला तयार नाही. पैसे दिलेले दिसतात. न वाढलेलं भाडं कुणाला दिसत नाही, त्याचा फलक लावता येत नाही.

काय करता आलं असतं

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की दोन तासांत कितीही गाड्या बदला, तिकीट एकच, अशी पद्धत हवी. परदेशात असतं वगैरे. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दोन तासांत मी पोळ्या लाटूनसुद्धा उठत नाही. मला काय उपयोग?”

खरंच होतं. बदलीचं तिकीट ऑफिसला जाणाऱ्याच्या कामाचं. बायकांचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो: एक घर, दुसरं घर, वाटेत रेशन, पोराची शाळा. दिवसाचा पास आहे, पण तो ६० वरून ७५ झाला, आणि ताईंचे तीन टप्पे ३५ रुपयांत होतात. त्यांना हवी आहे दिवसाची कमाल मर्यादा. म्हणजे टप्प्याटप्प्यानं तिकीट काढत जा, पण दिवसभरात पंचवीसच्या वर एक पैसा कापायचा नाही. कार्डावर आणि मोबाईलवर हे करणं अवघड नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप आलं, त्यात अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं एकाच क्यूआरमध्ये मिळतात. एका कोडमध्ये अकरा संस्था बसवता आल्या. त्यांची भाडी मात्र अजून एकाखाली एक मांडून बेरीजच करतात. तिकिटांचा समन्वय झाला, भाड्यांचा व्हायचा आहे.

ज्या मार्गांवर साधी गाडी येतच नाही, सगळ्याच वातानुकूलित, तिथे दहा आणि बारामधला फरक कशासाठी? प्रवाशानं थंडावा निवडलेला नसतो. हे तर एका परिपत्रकाचं काम आहे.

पैशाच्या बाजूनं मला पटणारा मार्ग एकच. बेस्टचं अनुदान दरवर्षीच्या मर्जीवर न ठेवता एखाद्या ठरावीक उत्पन्नाला बांधायचं. जमीन आणि बांधकामाच्या अधिमूल्यातून, म्हणजे विकासक परवानगीसाठी भरतो त्या प्रीमियममधून बांधता येईल, कारण बस आणि मेट्रोमुळेच जमिनीची किंमत वाढते. रस्त्यावरच्या मोटारींच्या पार्किंगमधून बांधता येईल, कारण मोटारी उभ्या असतात म्हणूनच बसचा वेग घटतो आणि तेवढ्याच गाड्यांत कमी फेऱ्या होतात. आगारांच्या जमिनी विकासकाला देऊन पैसा उभा करावा असंही अधूनमधून सुचवलं जातं. तो घरातली तांब्याची भांडी मोडून किराणा भरण्याचा प्रकार आहे. एकदा होतं. आणि गाड्या उभ्या कुठे करायच्या, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी येतो.

ताईंनी वाट बघितली नाही. जुलैच्या शेवटी मी दप्तर तपासायला गेलो तेव्हा वहीतलं पान उलटून पाहिलं. ‘बस’च्या रकान्यात पुन्हा ५२० होते, खाडाखोड नव्हती. मला वाटलं चुकून जुना आकडा लिहिला. त्यांनी बोट ठेवून सांगितलं: घाटकोपरचं काम सोडलं. चेंबूरलाच तिसरं घर धरलं, आधीच्या दोघींच्याच बिल्डिंगमध्ये. तीनशे रुपये कमी देतात. पण आता जायचे दहा आणि यायचे दहा, सव्वीस दिवस. पाणी यायच्या आत घरी पोचता येतं. घाटकोपरच्या आजी एकट्याच राहतात, त्यांना दुसरी बाई अजून मिळाली नाही, असं त्या वही मिटता मिटता म्हणाल्या, आणि गटाचं पासबुक माझ्यापुढे सरकवलं.